गिरनारची लीली परिक्रमा: आईला घेऊन जावे का?

प्रश्न:
नमस्कार. सात वर्षांपूर्वी आईने गिरनारच्या पायऱ्या चढून दत्तपादुकांचे दर्शन घेतले होते. आता तिचे वय 64 आहे आणि कार्तिकातली लीली परिक्रमा, म्हणजे गिरनार पर्वताभोवतीची जंगलातली पायी प्रदक्षिणा, करण्याची तिची फार इच्छा आहे. रोज पाच किलोमीटर ती सहज चालते, मात्र उतारावर तिचा गुडघा दुखतो. 36 किलोमीटरांची ही वाट तिला झेपेल का? गर्दी टाळण्यासाठी पौर्णिमेनंतर जाता येईल का?

प्रतिसाद 1:
पौर्णिमेनंतरचा बेत कृपया करू नये. ही वाट गिरनार अभयारण्यातून जाते, तिथे सिंहांचा आणि बिबट्यांचा वावर आहे, त्यामुळे कार्तिक शुद्ध एकादशी ते पौर्णिमा एवढ्याच काळात ती यात्रेकरूंसाठी खुली असते. गर्दी ही या परिक्रमेचा भागच आहे आणि रानात तिचाच आधार वाटतो.

प्रतिसाद 2:
ताई, आईंना अवश्य न्या, पण तरुण मंडळी एका दिवसात फेरी संपवतात त्यांच्या नादी लागू नका. जुनी रीत चार टप्प्यांची आहे: गिरनारच्या पायथ्याच्या भवनाथ तळेटीहून जीणाबावांची मढी सुमारे 12 किलोमीटर, पुढे माळवेला, बोरदेवी आणि परत भवनाथ हे प्रत्येकी सुमारे आठ. वाटेत तीन खिंडी लागतात, त्यांना तिकडे घोडी म्हणतात. त्यांतली माळवेला आणि बोरदेवी यांमधली नाळपाणीची घोडी सर्वांत खडी आहे. तिच्या उतारावर हजारो पावलांखाली माती पिठासारखी बारीक झालेली असते, खालचे सुटे दगड दिसत नाहीत, आणि माझ्या आईचा पाय तिथेच मुरगळला होता. म्हणून माळवेलाहून पहाटे निघा, भवनाथला मिळणारी काठी आधीच घ्या आणि उतारावर आईंना घाई करू देऊ नका.

प्रश्नकर्ती:
मनापासून आभार. मुक्कामाला तंबू न्यावा का?

प्रतिसाद 2:
तंबूचे ओझे नको. लोक झाडांखाली सतरंजी टाकून झोपतात. पहाटे थंडी वाजते, म्हणून एक चांगली शाल ठेवा. वाटेतल्या अन्नक्षेत्रांत, म्हणजे अन्नछत्रांत, खिचडी-कढी प्रेमाने वाढतात, त्यामुळे शिधाही लागत नाही. पाण्यासाठी मात्र स्टीलची बाटली न्या, कारण अभयारण्यात प्लास्टिकला बंदी आहे, आणि गुडघ्याचा पट्टा पिशवीत न ठेवता पहिल्या दिवसापासून बांधा.