रोजच्या बातम्यांचे पॉडकास्ट ऐकून खरंच काही कळतं का? कुठले ऐकता?

निफाडची_लेक
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारीन विचारीन म्हणत होते. घरातल्या टीव्हीवरच्या बातम्या बंद करून दोन वर्षं झाली, पोरगा जेवताना अँकरसारखा ओरडून भाजी मागायला लागला त्याच दिवशी रिमोट कपाटात गेला. पेपर येतो पण घडी न मोडता रद्दीत जातो. त्यामुळे आता बातम्या म्हणजे सकाळची लोकल, डोंबिवली ते दादर, एका कानात इअरफोन (दुसरा मोकळा ठेवावा लागतो, नाहीतर "ठाणा उतरणार का" ऐकू येत नाही).

आता प्रॉब्लेम सांगते. 2024 च्या मे महिन्यातली गोष्ट आहे, लोकसभेचं मतदान तोंडावर होतं. सकाळी पॉडकास्टमध्ये ऐकलं की कांद्याची निर्यातबंदी उठली. माझं माहेर निफाडचं, कांदाचाळीत उन्हाळ कांदा भरलेला, मी दादरच्या पुलावरूनच अण्णांना फोन लावला की अण्णा आता भाव वाढणार बघा. अण्णा हसायलाच लागले. म्हणाले, "अगं बंदी उठली, पण 40 टक्के निर्यात ड्युटी बसवली ना, आणि टनाला साडेपाचशे डॉलरच्या खाली माल बाहेर काढता येत नाही. तुझ्या कानातल्या बाईने हे नाही का सांगितलं?"

ऑफिसात जाऊन परत ऐकलं तर सांगितलं होतं हो! एका वाक्यात, बहुतेक नेमकं ठाण्याला गर्दी आत घुसली तेव्हा. म्हणजे बाईची चूक नाही, पण मग रोज अर्धा तास ऐकून माझ्या डोक्यात फक्त हेडलाईनच राहते का? तुम्ही कुठले ऐकता, मराठीत चांगलं काय आहे, आणि लक्षात कसं ठेवता?

अर्धा_पुणेरी
ताई, तुमचा प्रॉब्लेम पॉडकास्टचा नाही, दहा मिनिटांत दहा बातम्या कोंबणाऱ्या फॉर्मॅटचा आहे. त्यापेक्षा कमी बातम्या घेणारं ऐका. कोविडच्या काळात मी बीबीसी मराठीचं 'तीन गोष्टी' रोज संध्याकाळी ऐकायचो, तीनच विषय म्हणून डोक्यात राहायचं. त्यांचंच 'सोपी गोष्ट' आहे, त्यात एकच विषय मुळापासून समजावतात. इंग्रजी चालत असेल तर इंडियन एक्स्प्रेसचं 'थ्री थिंग्ज', त्यात बातमी करणारा रिपोर्टरच येऊन बोलतो, ते मला सगळ्यात जास्त आवडतं. धोरणं कशी बनतात यात रस असेल तर हिंदीत 'पुलियाबाजी', पण ते रोजचं नाही, रविवारी भांडी घासताना ऐकायचं.

आणखी एक, सकाळचा एपिसोड बहुतेक वेळा आदल्या रात्री किंवा पहाटे केलेला असतो हे विसरू नका. 23 नोव्हेंबर 2019 आठवतोय ना? सकाळी दारात पडलेल्या पेपरांत उद्धव ठाकरे मुख्यमंत्री होणार म्हणून मोठे मथळे आणि आठच्या सुमारास राजभवनावर फडणवीस आणि अजितदादांचा शपथविधी उरकला. राष्ट्रपती राजवट पहाटे 5:47 ला उठली होती, त्या वेळी कोण रेकॉर्ड करत बसलंय. मी त्या दिवशी पोहे खाताना बायकोला मोठ्या तोंडाने सांगत होतो की बघ, उद्धवच होणार, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन.

आणि कृपा करून युट्युबवर "सूत्रांच्या माहितीनुसार" करून एकटाच तासभर बोलणारा माणूस आणि बातम्यांचा पॉडकास्ट यांची मिसळ करू नका. तो करमणूक म्हणून ऐका, मीही ऐकतो.

रिटायर्ड_मास्तर
आमच्या वेळी हे सगळं आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या बातम्यांत होत असे. सुधा नरवणे यांचा आवाज आला की आमच्याकडे दुसरा चहा उकळायला ठेवायचे, घड्याळ बघायची गरज नसायची. दहा मिनिटं, ना संगीत ना गप्पा. तुमचे हे पॉडकास्टवाले पहिली दोन मिनिटं एकमेकांना कसा आहेस विचारण्यातच घालवतात.

आजही प्रादेशिक बातम्या लागतात आणि 'न्यूज ऑन एअर' ॲपवर नंतरही ऐकता येतात, वेबसाईटवर बातमीपत्राचा मजकूरही मिळतो, म्हणजे एखादं वाक्य ठाण्याच्या गर्दीत हरवलं तर वाचून घ्या. सरकारी चष्मा आहे हे मान्य, मंत्र्यांची उद्घाटनं जास्त आणि विरोधक कमी, पण निर्णय काय झाला, कुठल्या तारखेपासून, हे नीट सांगतात.

तरुण मंडळींना माहीत नसतं म्हणून सांगतो, आपल्याकडे खाजगी एफएमवाल्यांना स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही, फार तर आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. म्हणून गाडीत दिवसभर गाणी आणि फालतू विनोद. कानाने बातम्या ऐकायच्या तर रेडिओ सोडून पॉडकास्टकडे जावं लागतं त्याचं एक कारण हे आहे.

जर्सीतला_कोल्हापूरकर
इकडे अमेरिकेत रेडिओवर बातम्यांचा तुटवडा नाही मास्तर, तरी सगळे पॉडकास्टच ऐकतात. मी एनपीआर या इथल्या सार्वजनिक रेडिओचं 'अप फर्स्ट' ऐकतो, तीनेक बातम्या, साधारण पंधरा मिनिटं, गाडी काढून हायवेला लागेपर्यंत संपतं. न्यूयॉर्क टाइम्सचं 'द डेली' 2017 पासून चालू आहे, त्यात बहुतेक वेळा एकच विषय अर्धा तास. आधी मला वाटायचं जगात एवढं चाललंय आणि हे एकाच गोष्टीवर काय बसलेत, पण महिन्याभराने विचारलं तर मला 'द डेली'मधलंच आठवतं, 'अप फर्स्ट'मधलं चहाबरोबर उतरून जातं.

महाराष्ट्रातल्या बातम्यांचं मात्र माझं वेगळंच दुखणं आहे. तुमचा संध्याकाळचा एपिसोड मला सकाळी मिळतो, मी आईला फोन करून काहीतरी ताजं म्हणून सांगतो आणि ती म्हणते अरे ते कालच झालं की, झोपू दे आता.

पिंपळगावचा_पोपट
निफाडच्या ताई, तुमचे अण्णा बरोबर होते पण त्यांनीही पूर्ण हिशोब सांगितला नाही. किमान निर्यात मूल्य टनाला 550 डॉलर, त्यावर 40 टक्के म्हणजे 220, झाले 770 डॉलर. तेव्हा डॉलर 83 रुपये धरा, किलोला 64 रुपयांच्या आसपास. त्या भावाने परदेशात कोण घेणार आपला कांदा, पाकिस्तानचा स्वस्त मिळत असताना? हा गुणाकार एकाही पॉडकास्टवाल्याने करून दाखवला तर मी दर महिन्याला पैसे भरीन.

आणि यांची खरी खोड म्हणजे पुढचं सांगत नाहीत. बंदी डिसेंबर 2023 ला आली तेव्हा सगळे बोलले. सप्टेंबर 2024 ला किमान मूल्य काढून ड्युटी 20 टक्के केली, तेव्हा निम्मे बोलले. 1 एप्रिल 2025 पासून ती 20 टक्केही गेली, तेव्हा मला तरी कुठे ऐकू आलं नाही, आणि ड्युटी जाऊनही त्या उन्हाळ्यात भाव का उसळला नाही यावर तर बोलायलाच नको. तोपर्यंत यांचा विषय बदललेला. एक मोबाईलची नोट उघडा आणि आपल्या कामाच्या दोन विषयांच्या तारखा स्वतः लिहून ठेवा, मी गाडीत बसून लिलावाचा नंबर लागेपर्यंत तेवढंच करतो. बाकी राजकारण लिलावात फुकट ऐकायला मिळतं.

निफाडची_लेक
सगळ्यांचे आभार, पोपट दादा तुमचा हिशोब अण्णांना पाठवला, "हा माणूस कोण आहे" असा रिप्लाय आला.

दोन आठवडे करून बघितलं ते सांगते. दहा बातम्यांवालं काढून टाकलं. रात्रीच वायफायवर एक लांबच्या विषयाचा एपिसोड डाऊनलोड करून ठेवते आणि ठाण्यापर्यंत ऐकायचंच नाही, ठाण्याला गर्दी जरा स्थिरावली की सुरू करायचं. अण्णांच्या फोनमध्ये आकाशवाणीचं ॲप टाकून दिलं, त्यांना ते फारच आवडलंय. पण त्याचा परिणाम असा झालाय की रोज सव्वानऊला मी दादरच्या पुलावर असताना त्यांचा फोन येतो, "सांग, आज काय म्हणाली तुझी बाई?" आणि मला चालता चालता तीन वाक्यांत सांगावं लागतं, अडखळले की ते "म्हणजे तू ऐकलंच नाहीस" म्हणतात. मास्तर, तुमच्या वर्गात असल्यासारखं वाटतंय.

पिंपळगावचा_पोपट
ते सगळं ठीक आहे. अण्णांनी चाळीतला माल काढला का ते विचारा.