पीईबी शेडच्या लोखंडी कॉलमला ब्लॉकची भिंत कशी जोडावी?

प्रश्न

नमस्कार. चाकणजवळ आमच्या कारखान्याच्या पीईबी शेडचे (आधीच तयार केलेले लोखंडी भाग जागेवर जोडून उभारायची शेड) काम सुरू होत आहे. कॉलमची उंची ७.२ मीटर व दोन कॉलममधील अंतर ६ मीटर असून, ३ मीटर उंचीपर्यंत २०० मिमी जाडीच्या भरीव काँक्रीट ब्लॉकची भिंत आणि त्यावर पत्रा अशी रचना आहे. शेजारच्या जुन्या शेडमध्ये ब्लॉक कॉलमच्या वेबपर्यंत (मधल्या उभ्या पट्टीपर्यंत) मसाल्यात घट्ट बसवले आहेत आणि तेथे प्रत्येक कॉलमलगत उभी भेग दिसते. आमचे ठेकेदार म्हणतात की, कॉलमला सळीचे तुकडे वेल्ड करून सांध्यांत पुरले की पुरे. ड्रॉइंगमध्ये या जोडाचा तपशीलच नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ (स्ट्रक्चरल इंजिनिअर)

आयएस (भारतीय मानक) २१८५ (भाग १) मध्ये काँक्रीट ब्लॉक सुकताना होणाऱ्या आकुंचनाची कमाल मर्यादा ०.०६ टक्के आहे. म्हणजे ६ मीटरची भिंत साडेतीन मिमीपर्यंत आखडू शकते, आणि ती भेग कॉलमजवळ पडणे स्वाभाविक आहे. मात्र ती बहुधा दिसण्यापुरतीच असते. खरा प्रश्न वाऱ्याचा आहे. आयएस ८७५ (भाग ३) नुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रतिसेकंद धरतात, म्हणजे ढोबळमानाने दर चौरस मीटरला ०.९ किलोन्यूटन दाब. कॉलमचा आधार नसलेल्या ३ मीटर उंच भिंतीच्या पायथ्याशी त्यामुळे दर मीटर लांबीमागे सुमारे ४ किलोन्यूटन-मीटर मोमेंट (भिंत उलथवू पाहणारा परिणाम) येतो, तर भिंतीचे स्वतःचे वजन जेमतेम १.२ किलोन्यूटन-मीटर इतकाच प्रतिकार करते. त्यामुळे माथ्यावर कॉलम ते कॉलम असा आरसीसी बँड (काँक्रीटचा आडवा पट्टा) हवाच. केवळ माथा आणि पायथा धरला, तरी मधल्या आडव्या सांध्यांतील ताण आयएस १९०५ मधील ०.०७ न्यूटन प्रति चौरस मिमी या मर्यादेबाहेर जातो, म्हणून मध्यावर दुसरा बँड घ्यावा. दोन्ही बँड कॉलमला अशा क्लिपने जोडावेत की भिंत बाहेर किंवा आत पडणार नाही, पण भिंतीच्या लांबीच्या दिशेने व वरखाली तिला सरकता येईल. त्यासाठी क्लिपला लांबट भोके ठेवतात.

उत्तर २ (बांधकाम ठेकेदार)

वरील मताशी सहमत आहे. वेल्ड केलेली सळी भिंतीला सर्व दिशांनी जखडते, शिवाय साइटवरील वेल्डिंगने कॉलमचा प्राइमर जळतो आणि तो भाग भिंतीत झाकला गेल्यावर तेथे गंज धरला तरी कोणाला कळत नाही. ब्लॉक आणि कॉलम यांच्यामध्ये फट ठेवून त्यात दाबला जाणारा फोम भरावा आणि बाहेरून सिलंट लावावा. गवंडी ही फट हमखास मसाल्याने बुजवतात, कारण त्यांना ती कामातील उणीव वाटते! प्लास्टरही त्याच रेषेवर तोडावे, नाहीतर सर्व खटाटोप व्यर्थ जाईल.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. फट किती ठेवावी? पीईबी पुरवठादाराने फ्रेमचे पार्श्वीय विचलन (माथ्याचे बाजूला सरकणे) उंचीच्या १/१५० पर्यंत धरले आहे.

उत्तर १ (स्ट्रक्चरल इंजिनिअर)

हा मुद्दा आपण वेळीच मांडलात. आयएस ८०० : २००७ मध्ये १/१५० ही मर्यादा पत्र्यासारख्या लवचिक आच्छादनासाठी आहे; विटा-ब्लॉकसारख्या ठिसूळ आच्छादनासाठी, क्रेन नसलेल्या शेडमध्ये, ती १/२४० आहे. आपल्या शेडचा कॉलम माथ्याशी ४८ ऐवजी ३० मिमीच हलावा, असा त्याचा अर्थ. कॉलमचा पायथा हिंज (बिजागरीसारखा फिरू शकणारा) धरल्यास ३ मीटर उंचीवर हे विचलन सुमारे १२.५ मिमी होते, १/१५० धरल्यास २० मिमी.

फ्रेम शेडच्या रुंदीच्या दिशेने डुलते. त्यामुळे टोकाच्या भिंतीत, म्हणजे गेबल बाजूला, ही हालचाल भिंतीच्या लांबीच्या दिशेने होते आणि फट त्याहून थोडी अधिक ठेवावी लागते. लांब बाजूची भिंत मात्र कॉलमबरोबर झुकते. तेथे फटीचा उपयोग आकुंचनापुरता, १० ते १२ मिमी पुरे. पण पायथ्याशी भिंत जखडली तर प्लिंथ बीमच्या (जोत्याच्या पातळीवरील तुळईच्या) वर आडवी भेग पडेल. म्हणून डीपीसीचा (ओल वर चढू न देणारा) थर हाच फिरण्याचा सांधा मानून उभ्या सळ्या प्लिंथमधून वर आणू नयेत. भिंत पायथ्याशी घसरू नये यासाठी जाडीच्या मध्यावर छोटे डॉवेल (सळीचे आखूड तुकडे) पुरेसे होतात. पुरवठादाराकडून १/२४० ची तपासणी लेखी मागवा, आणि क्लिपची भोके फॅब्रिकेशन सुरू होण्यापूर्वीच शॉप ड्रॉइंगमध्ये दाखवून घ्या.