२०२५ मधला तुमचा एक नंबर चित्रपट कोणता? (अनुभव लिहा, नुसती यादी नको)

कवडसा
परवा टीव्हीवर वर्षभरातल्या चित्रपटांची उजळणी चालली होती आणि एकदम दादाची आठवण आली. लहानपणी ३१ डिसेंबरच्या रात्री आमच्याकडे ठरलेला वाद असायचा. वर्षभरात पाहिलेल्यांतला एकच चित्रपट निवडायचा. ‘हा पण चांगला, तो पण चांगला’ म्हटलं की दादा बाद करायचा. निवड केली की गोष्ट सांगत बसायची नाही, एकच प्रसंग सांगायचा आणि त्यावरून बाकीच्यांना पटवायचं. आई हातातलं काम टाकून यायची आणि हमखास जिंकायची, कारण तिला प्रसंग संवादांसकट पाठ असायचे.

दादा आता फार लांब असतो. यंदा त्याचा फोन आला, ‘बोल, तुझा कुठला?’ मी लगेच म्हटलं, साबर बोंडं.

रोहन कानवडेंचा हा चित्रपट जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात परीक्षकांचं मोठं बक्षीस घेऊन आला तेव्हापासून मी वाट बघत होते. आपल्याकडे सप्टेंबरात लागला. वडील गेल्यावर शहरातला मुलगा दहा दिवसांसाठी गावी जातो, नातेवाईक लग्नाचं विचारून भंडावतात, आणि तिथे त्याचा जुना मित्र असतो. एवढंच. कॅमेरा जागचा हलत नाही. माणसं समोर येतात, बसतात, बोलतात, उठून जातात, आणि आपण तिथेच, त्यांच्या घरातले असल्यासारखे. मला सगळ्यात जवळची वाटली ती आई. मुलाचं तिला सगळं माहीत आहे. स्वतःचा नवरा गेलाय, तरी चारचौघांत ती त्याच्यासाठी ज्या तऱ्हेने उभी राहते, ते बघताना मी शेजारणीचा हात धरला होता. ओळख ना पाळख! तिनेही सोडवून घेतला नाही.

दादाचा नियम इथेही लागू: एकच निवडा आणि प्रसंग सांगा. लिहा पटापट.

रानवारा
दशावतार. विषय संपला.

कवडसा
@रानवारा, प्रसंग???

रानवारा
गाडीत होतो, आता घरी आलो. दिलीप प्रभावळकर ऐंशी ओलांडलेले आहेत आणि तो माणूस अंगाला रंग लावून जंगलात उभा राहतो! त्याने उभा केलेला दशावतारी नट, बाबुली मेस्त्री, त्याची नजर अधू होत चालली आहे, मुलगा म्हणतोय आता थांबा, आणि याचे पाय काही थांबत नाहीत. बापलेकाच्या त्या सुरुवातीच्या बोलण्यांतच मी गेलो. माझे बाबा भजनाला तबला वाजवायचे. बोटं दुखायची म्हणून आम्ही बंद करायला लावलं. घरी येऊन बाबांना म्हटलं, काढा तबला. पुढे त्या मुलाचं जे होतं ना

पिंपळपान
अहो दादा थांबा!!! मी अजून बघितला नाहीये. स्पॉयलर नको.

रानवारा
ओके ओके. नाही सांगत. पण रुमाल जवळ ठेवा.

चकवा
छावा. शेवट बघवत नाही तरी डोळे मिटता येत नाहीत. नावं पडद्यावर सरकायला लागली तरी थिएटरात कोणी उठेना. माझ्या बाजूला एक आजोबा होते, त्यांनी खिशातली टोपी काढून डोक्यावर घातली आणि मग उभे राहिले. विकी कौशलने जीव ओतलाय.

निळीशाई
@चकवा सहमत, पण पार्श्वसंगीत मला जुळलं नाही. रहमान माझा देव आहे तरी सांगते. शिवाजी सावंतांची कादंबरी आधी वाचलेली असली की डोक्यात वेगळेच आवाज असतात.

चकवा
संगीताचं मान्य. कादंबरी मात्र मी चित्रपटानंतर वाचायला घेतली, त्यामुळे मला सगळीकडे विकीच दिसतोय 😄

आजोळ
आमच्या घरात यंदा एकाच चित्रपटाचं नाव, आणि तो १९७५चा आहे. चालेल का?

कवडसा
शोले??

आजोळ
होय! १२ डिसेंबरला नव्याने लागला ना, मूळ शेवटासकट. बाबांनी पन्नास वर्षं फक्त ऐकलं होतं की खऱ्या शेवटात ठाकूर गब्बरला मारतो, आणीबाणीत सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि ऐन वेळी पोलीस आणून उभे केले. आम्ही लहान असताना बाबा हे इतक्यांदा सांगायचे की आम्हाला ती दंतकथाच वाटायची. थिएटरात सगळे संवाद ते ओठातल्या ओठात म्हणत होते, एकही चुकला नाही. शेवट जवळ आला तसे गप्प झाले. ते खिळ्यांचे बूट, ठाकूर पाय उचलतो, आणि कोणी अडवायला येत नाही. मारून झाल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जिंकल्याची एक रेघ नाही. बाबा म्हणाले, ‘आता कळलं हे का कापलं. पोलीस आले की आपण सुटतो.’ वर्षभरातलं सगळ्यात चांगलं वाक्य माझ्या बापाने टाकलं.

मध्यंतर
नियमात बसत नाही. जुना चित्रपट बाद.

पिंपळपान
बसतो! शेवट नवीन आहे की.

मध्यंतर
शेवटही १९७५चाच आहे हो. दाखवला आत्ता.

कवडसा
दादाला विचारून सांगते. तोपर्यंत काकांना विशेष बक्षीस.

लगीनघाई
शोलेवरून आठवलं. माझा नंबर एक सुपरबॉईज ऑफ मालेगाव. मी लग्नाची शूटिंगं करतो. नासिर शेखने व्हिडिओ पार्लर चालवता चालवता ‘मालेगाव के शोले’ काढला, हे त्यावर आलेल्या माहितीपटामुळे ठाऊक होतं. रीमा कागतींनी त्यातली दोस्ती धरली आहे. दिग्दर्शक मोठा झाला की लेखक मित्राच्या मनात काय चालतं, ते विनीत कुमार सिंगच्या नुसत्या मानेवरून कळतं. आणि आजारी शफीकला हिरो करायचं ठरतं तिथून मी रडायला लागलो तो थेट शेवटपर्यंत. आमच्यातही एक होता. कॅमेऱ्याच्या वायरी उचलायचा, कधी फ्रेममध्ये आला नाही. शेकडो लग्नांची कॅसेट आहे माझ्याकडे, त्यात तो कुठेच दिसत नाही. एका हळदीच्या कॅसेटमध्ये फक्त त्याचा आवाज आहे, ‘लाइट जरा डावीकडे घे’. बस.

चित्रपट फेब्रुवारीअखेर लागला आणि कधी गेला कळलंच नाही. लोकांनी थिएटरात बघायला हवा होता.

निळीशाई
@लगीनघाई दादा, ती कॅसेट डिजिटल करून घ्या आधी. पट्ट्यांना बुरशी धरते. खरंच सांगते, आमच्या घरच्या गेल्या.

लगीनघाई
करून ठेवलीय ताई. दोन ठिकाणी.

उंबरठा
हे सगळं ठीक आहे, पण मराठी चित्रपट बघायचा तरी कधी हा माझा प्रश्न आहे. आमच्या जवळच्या थिएटरात खेळ एकच, तोही भर दुपारी. कामावरचा माणूस जाणार कसा? पुढच्या शुक्रवारी पोस्टर गायब. मग म्हणायचं प्रेक्षक येत नाहीत. पहिल्या आठवड्यात गर्दी दिसली नाही की खेळ काढतात, आणि चांगला आहे हे लोकांच्या तोंडून कळायलाच आठवडा लागतो. साबर बोंडं माझा असाच हुकला. राग येतो अगदी.

शुक्रतारा
+१०० उंबरठा. मी ‘आता थांबायचं नाय’साठी अर्धी रजा टाकली होती. आणि तोच माझा एक नंबर.

मुंबई महापालिकेतले चतुर्थ श्रेणीचे कामगार रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, खऱ्या घटनेवरची गोष्ट. भरत जाधव, सिद्धार्थ जाधव, आशुतोष गोवारीकर. सिद्धार्थला इतकं शांत कधी पाहिलंच नव्हतं. पण मी चित्रपट कमी आणि माझी आई जास्त बघत होते. तिने आमची शिक्षणं झाल्यावर दहावीचा फॉर्म भरला. माझीच जुनी कंपासपेटी घेतली. रात्री सगळं आवरलं की ओट्याशी उभी राहून पाठ करायची, बसली की झोप येते म्हणून. कर्कटकाला गंज चढलेला, तो तिने घासून लखलखीत केला होता. भूमितीत काठावर पास झाली आणि गुणपत्रिका आम्हाला कोणाला न दाखवता आधी तिच्या आईला दाखवून आली. पडद्यावर ती मोठी माणसं बाकावर अवघडून बसतात ना, तेव्हा मला आईचे ओट्याशी उभे पाय दिसत होते. कोणी म्हणेल शेवट फार गोड आहे. असू दे. ज्यांनी एवढं सोसलं त्यांचा शेवट गोडच हवा.

पिंपळपान
शुक्रतारा 🙏 आईंना नमस्कार सांग.

चकवा
कर्कटक घासून लखलखीत केला... काय लिहिलंस गं.

बाराखडी
होमबाऊंड. मी स्वतः भरतीची तयारी करतोय म्हणून कदाचित. सुरुवातीलाच परीक्षेला निघालेल्या पोरांनी स्टेशन भरलेलं असतं. त्या गर्दीत मी होतो. खरोखर अशाच गर्दीत, फाइल पोटाशी धरून, हॉलतिकीट भिजू नये म्हणून प्लास्टिकमध्ये. नीरज घायवानने हे कुठून बघितलं असेल? पोलीस शिपायाची नोकरी म्हणजे यातल्या दोघा मित्रांना पगारापेक्षा जास्त काहीतरी आहे. वर्दी अंगावर आली की कोणी आडनाव विचारणार नाही, धर्म विचारणार नाही, ही आशा. आणि निकाल लवकर लागतच नाही. वाट बघता बघता एक जण सुरतेच्या गिरणीत जातो, मग दुसराही. मग लॉकडाऊन.

आईच्या भेगाळलेल्या टाचा दाखवल्या आहेत. माझ्या आईच्या तशाच आहेत. यापुढे लिहीत नाही.

आपल्याकडून ऑस्करला हाच गेला आहे. नेटफ्लिक्सवर आहे, बघा. क्लासची वेळ झाली.

कवडसा
बाराखडी, तुझा निकाल लागला की पहिला इथे येऊन सांग.

रानवारा
भावा, मीही त्या रांगेत काही वर्षं काढली आहेत. लेखीची पुस्तकं हवी असतील तर निरोप टाक, धूळ खात पडलीत.

बाराखडी
दादा खरंच? टाकतो.

निळीशाई
माझा सैयारा. थांबा, आधी ऐका! पोरापोरींनी थिएटरात रडून गोंधळ घातला त्याचे व्हिडिओ बघून मी जाणारच नव्हते, लेकीने ओढून नेलं. आणि मग ती नायिका, वाणी, विसरायला लागते. आमच्या सासूबाईंना हाच आजार आहे. एवढ्या लहान वयात तो इतका भराभर वाढलेला दाखवणं मला पटलं नाही, घरात रोज बघतोय आम्ही. पण ती वाणी वहीत लिहून ठेवते ना, ते शंभर टक्के खरं. सासूबाईंच्या उशीखाली चिठ्ठ्या सापडतात. ‘मोठा मुलगा - चष्मा. धाकटा - मिशी.’ धाकट्याने मिशी काढली होती, ती त्याने परत ठेवली. अंधारात लेकीने माझ्याकडे बघितलं आणि आम्ही दोघी एकाच वेळी रडलो. तिच्या वयाच्या मुलांना आजीचा आजार कळावा असं मी वर्षभर समजावत होते. ते काम एका प्रेमकथेने केलं.

आजोळ
निळीशाई, मिशीचं वाचून गलबललं.

शुक्रतारा
ताई, सासूबाईंना गाणी आठवतात का? माझ्या मावशीला नावं गेली तरी गाणी पूर्ण म्हणता यायची. लावून बघ.

निळीशाई
हो गं, अभंग सगळे पाठ. सकाळी रेडिओ लावते, एकदम खुलतात.

मध्यंतर
परदेशी चालतात ना? सिनर्स. रायन कूगलर, एप्रिलमध्ये आला होता. १९३२चं मिसिसिपी, जुळे भाऊ परत येऊन गाण्याबजावण्याचा अड्डा काढतात. दोन्ही मायकेल बी. जॉर्डनच. प्रसंग म्हणाल तर एकच: चुलतभाऊ गिटार घेऊन गायला लागतो आणि नाचणाऱ्यांत हळूहळू जुने आफ्रिकी वादक येतात, पुढच्या काळातला डीजे येतो, इलेक्ट्रिक गिटारवाला येतो. मागचे पुढचे सगळे एकाच खोलीत. कॅमेरा त्यांच्यामधून फिरत राहतो आणि वर छप्पर पेटतं. आयमॅक्सच्या फिल्मवर चित्रित केलाय, ऑटम ड्युरल्ड आर्कपॉ या बाईंनी. मोठ्या पडद्यावर अंगावर काटा. पुढे रक्तपिशाच्च वगैरे येतात तेही मस्त, पण माझे पैसे त्या गाण्यातच वसूल.

रानवारा
रक्तपिशाच्च?? आधी सांगायचं ना. आज रात्री लावतो.

उंबरठा
भीतीदायकच हवं तर आपला जारण बघा की! अमृता सुभाषने काय काम केलंय. करणी की मनाचा आजार, शेवटपर्यंत आपण दोन्हीकडे झुलत राहतो. हा मात्र मला थिएटरात मिळाला.

पिंपळपान
जारण माझ्या यादीत आहे. आज घरी एकटी आहे, रात्री बघू का?

उंबरठा
अजिबात नको. दुपारी बघ. आणि शेवट झाला की इथे लिही, मला त्यावर कोणाशी तरी भांडायचंय.

आजोळ
कवडसा, दादाचा निरोप आला का? बाबा सारखे विचारताहेत शोले धरला की नाही.

कवडसा
आला आत्ताच. धरलाय. म्हणतो, काकांचं वाक्य ऐकल्यावर नियम बदलला. मध्यंतर, तुम्ही त्याच्याशीच बोला, नंबर निरोपात देते.

मध्यंतर
द्या. सोडत नसतो.