बर्फ लवकर वितळला म्हणजे रोपांची चैन?

कुळागरी, फोंडा
काल इथं एकानं मनालीचे फोटो टाकून वर लिहिलं, ‘बर्फ लवकर वितळला तर बरंच की, झाडांना वाढायला जादा दिवस मिळतात.’ डोकंच फिरलं. अहो, बर्फ ही रोपांची गोधडी. बाहेर उणे दहा असलं तरी जाड थराखाली जमीन शून्याच्या आसपास राहते. गोधडी लवकर निघाली की कळ्या लवकर येतात, मग एका रात्री दंव गोठलं की सगळं काळं. अमेरिकेत रॉकी पर्वतात, गॉथिकच्या संशोधन केंद्रात, हे वर्षानुवर्षं टिपलंय. आणि हिमाचलात मान्सून जूनअखेरीसच येणार. बर्फ आधी संपला तर मधले कोरडे दिवस वाढले. भोजवृक्षाचं कोवळं रोप, मूळ बोटभरही नाही, वरची माती वाळली की ते गेलंच.

वाळपईवाला
सरसकट ठोकू नका. खोलगट जागी बर्फ जूनपर्यंत पडून असतो, तिथं रोपांना वाढायला दिवसच उरत नाहीत, वर बर्फाखाली बुरशी लागते ती वेगळीच. तिथं लवकर वितळणं फायद्याचंच. आणि गोव्यात बसून भोजवृक्षाची चिंता? आमचा काजूचा मोहोर ढगाळ हवेनं करपला, तेव्हा कुठं होता हो तुम्ही?

रानवाट
काजूचं नाव काढलंत म्हणून विचारते. मार्च २०२३ मध्ये म्हादईचं अभयारण्य जळत होतं, तेव्हा तुम्ही कुठं होता? पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलेल्या झाडासाठी आमचं रान जाळून साफ करायचं!

वाळपईवाला
ताई, जीभ सांभाळा. आग कोणी लावली, पुरावा आहे? माझ्या आजोबांनी काजूवर घर चालवलं. पाचोळा ते झाडून बांधावर ओढायचे, काडी कधी लावली नाही.

रानवाट
तुमचे आजोबा देवमाणूस, मान्य. शेजारच्या डोंगरावर दरवर्षी धूर दिसतो, तो काय आरतीचा?

फोंड्याचा मास्तर
बर्फावरून काजूवर, आता काजूच्या दारूवर, हुर्राकवर कधी येताय?

कुळागरी, फोंडा
धागा माझा, भांडण तुमचं. वाळपईवाले, खोलगट जागांचं घ्या, दिलं तुम्हाला. पण उन्हाकडच्या उघड्या उतारावर बर्फ आधीच पातळ, तिथल्या रोपांचं काय? त्याला बगल दिलीत.

वाळपईवाला
उत्तर देतो. आधी बोंडू वेचून येऊ द्या, नाहीतर माकडं वेचतील.

रानवाट
या, या. पाचोळा तेवढा बांधावरच ओढा.