गृहकर्जाची दोरी कुणाच्या हाती? खासदारांच्या की बँक ऑफ इंग्लंडच्या?

खातेवही (धागाकर्ता)

ब्रिटनमधल्या एका नियमावरून हा धागा काढतोय. जून २०१४ मध्ये बँक ऑफ इंग्लंडच्या फायनान्शियल पॉलिसी कमिटीने (बँकांमधला धोका आवरण्यासाठीची तिची समिती) शिफारस केली की मोठ्या बँकांनी दिलेल्या नव्या गृहकर्जांपैकी फार तर १५ टक्के कर्जं वार्षिक उत्पन्नाच्या साडेचार पट किंवा त्याहून मोठी असावीत. ऑक्टोबरात ते लागूही झालं. या आकड्यावर हाउस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या कनिष्ठ सभागृहात, मतदान झालं नाही.

आता कराचं बघा. संसदेच्या कायद्याशिवाय तिथे एक पेनीही कर कापता येत नाही. १९१२ मध्ये गिब्सन बोल्स या माजी खासदाराने चक्क बँक ऑफ इंग्लंडलाच कोर्टात खेचलं होतं. कॉमन्सचा नुसता ठराव झालेला, कायदा अजून व्हायचा होता, आणि बँकेने त्याच्या रोख्यांच्या उत्पन्नातून प्राप्तिकर कापून घेतला. बोल्स जिंकला. सरकारला पुढच्या वर्षी हंगामी करवसुलीसाठी वेगळा कायदा करावा लागला.

म्हणजे माणसाच्या उत्पन्नातली पेनी घ्यायची तर संसद लागते आणि त्याची घरखरेदी पाच वर्षं पुढे ढकलायची तर बंद खोलीतली एक बैठक पुरते. माझं म्हणणं सरळ आहे: असे नियम लागू होण्याआधी कॉमन्सच्या ट्रेझरी कमिटीची, म्हणजे अर्थखात्यावर नजर ठेवणाऱ्या खासदारांच्या समितीची, संमती सक्तीची असावी. हे काही जगावेगळं नाही. सरकारी अर्थकारणाचे अंदाज बांधणाऱ्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटीचा, म्हणजे ओबीआरचा, प्रमुख नेमायला आणि काढायलाही २०११ च्या कायद्याने याच कमिटीची संमती लागते.

तिरपागडा

साफ असहमत. कर्ज कमी द्या, या बाजूने कोणता खासदार हात वर करेल? ज्याला कर्ज नाकारलं तो मतदार आज दारात उभा असतो. ज्याचं कर्ज चार वर्षांनी बुडणार आहे त्याला स्वतःलाच ते अजून माहीत नसतं.

संसदेच्या हाती सगळं असताना काय झालं ते सांगतो. ब्रिटनमध्ये गृहकर्जाच्या व्याजावर करसवलत होती, ३०,००० पौंडांपर्यंतच्या कर्जाला. लग्न न झालेली दोन माणसं मिळून घर घेत असतील तर दोघांनाही स्वतंत्र. मार्च १९८८ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री निगेल लॉसन यांनी जाहीर केलं की यापुढे सवलत माणशी नाही, घरटी मिळेल. पण कधीपासून? ऑगस्टपासून! मधल्या महिन्यांत लोकांनी घरांवर जी झुंबड उडवली तिने आधीच तापलेल्या किमती आणखी चढल्या. व्याजदर तेव्हा अर्थमंत्रीच ठरवत. बँकेला ते स्वातंत्र्य १९९७ मध्ये मिळालं. मे १९८८ मध्ये साडेसात टक्के असलेला मूळ दर ऑक्टोबर १९८९ मध्ये १५ टक्क्यांवर गेला आणि घरबाजार कोसळला. सगळं खापर त्या एका सवलतीवर फोडत नाही, पण वित्त विधेयक यथासांग पार पडलं होतं हे लक्षात घ्या. सवलत पूर्ण बंद व्हायला एप्रिल २००० उजाडलं.

कडूकारलं

धागाकर्त्यांचा मुद्दा आकर्षक आहे, पण दोन ठिकाणी गळतोय.

एक, कर तिजोरीत जातो. कर्जाची मर्यादा कुणाच्या तिजोरीत जात नाही. तिला कर म्हणणं ही वकिली झाली.

दुसरं, संसदेला विचारलंच नाही हेही अर्धंच खरं. कर्ज-उत्पन्न आणि कर्ज-किंमत या दोन्ही प्रमाणांबाबत थेट निर्देश देण्याचा अधिकार २०१५ मध्ये संसदेनेच एका आदेशाने बँकेच्या कमिटीला दिला. अर्थात असा आदेश मंजूर करा किंवा फेटाळा, त्यातलं अक्षर बदलता येत नाही. एवढ्यापुरती तुमची तक्रार मान्य.

अवांतर: पैशावर संसदेचं नियंत्रण म्हणून फार हुरळून जाऊ नका. खर्चाची सरकारी मागणी कॉमन्सने शेवटची नाकारली ती १९१९ मध्ये, लॉर्ड चान्सेलर या मंत्र्याच्या जादा न्हाणीघरासाठी होती म्हणतात. त्यानंतर सगळं मंजूर, मंजूर, मंजूर.

शंकेखोर

कुणीच २०२२ काढलं नाही अजून? मग मी काढतो.

सप्टेंबर २०२२. लिझ ट्रस पंतप्रधान, क्वासी क्वार्टेंग अर्थमंत्री. ओबीआरने नव्या अर्थमंत्र्यांच्या हाती पहिल्याच दिवशी कच्चा अंदाज ठेवला होता आणि तो अद्ययावत करून द्यायचीही तयारी दाखवली होती. ट्रेझरी कमिटीचे तेव्हाचे अध्यक्ष मेल स्ट्राइड, तेही सत्ताधारी पक्षाचेच, अंदाज प्रसिद्ध करा म्हणून मागे लागले होते. सरकारने ऐकलं नाही. २३ सप्टेंबरला सुमारे ४५ अब्ज पौंडांची करकपात जाहीर झाली, सोबत अंदाजाचा एक कागद नाही. सरकारी रोखे गडगडले, पेन्शन फंड अडचणीत आले आणि २८ तारखेला बँक ऑफ इंग्लंडला रोखे खरेदीसाठी उतरावं लागलं. १४ ऑक्टोबरला क्वार्टेंग गेले, २० तारखेला ट्रस यांनी राजीनामा जाहीर केला.

दोन वर्षांच्या स्थिर दराचं सरासरी गृहकर्ज त्या महिन्यात सहा टक्क्यांच्या वर गेलं. म्हणजे खासदारांच्या कमिटीने बरोबर प्रश्न वेळेवर विचारला होता. उत्तर देणं सक्तीचं नव्हतं, एवढंच कमी पडलं.

खातेवही

@शंकेखोर, हे माझ्याच पारड्यात पडतंय. कमिटीला दात नव्हते, म्हणून दात द्या म्हणतोय.

@तिरपागडा, १९८८ ची गोष्ट मान्य. आता तज्ज्ञांची ऐका. कर्जदाराला तीन टक्के जादा दराने हप्ता झेपेल का, हे तपासायची बँकेच्या कमिटीची शिफारस होती. ती कधी मागे घेतली? १ ऑगस्ट २०२२ पासून. पुढच्या आठ आठवड्यांत काय झालं ते वर लिहिलेलंच आहे. खासदारांनी असं केलं असतं तर तुम्ही किती दिवस हसला असतात?

तिरपागडा

हसलो असतो, खरंय. पण साडेचार पटीची मर्यादा काढली नव्हती, आणि बाजार बघणाऱ्या नियामकाची, फायनान्शियल कंडक्ट अथॉरिटीची, किमान एक टक्का जादा दराची तपासणीही चालूच होती. शिवाय दर चढल्यावर ज्यांचे जुने स्थिर दर संपत गेले, ते बहुतेक आधीच्या कडक चाचणीतून गेलेले होते. हप्ते वाढले, पोटाला चिमटा बसला, पण १९९० च्या सुरुवातीसारखी घरं जप्त झाली नाहीत. दोरी खासदारांच्या हाती असती तर २०२१ सालीच, स्वस्त व्याजाच्या दिवसांत, ही चाचणी टाळ्यांच्या गजरात गेली असती.

नॉर्दर्न रॉक आठवतेय ना? घराच्या किमतीच्या १२५ टक्क्यांपर्यंत कर्ज देणारी. २००७ मध्ये तिच्या शाखांसमोर रांगा लागल्या. त्यापूर्वी असली कर्जं थांबवा म्हणून सभागृह कधी पेटून उठलं नव्हतं.

नदीपलीकडे

मी याच धंद्यात आहे, लोकांची गृहकर्जं जमवून देतो. वरच्या चर्चेत एक गोष्ट सुटली. १५ टक्के हा नियम माणसावर नव्हता, २०२५ पर्यंत तो प्रत्येक बँकेवर होता. त्यामुळे बँक तो कोटा जपून वापरायची आणि साहजिकच मोठ्या पगाराच्या गिऱ्हाइकाला आधी द्यायची. त्याच पगाराच्या माणसाला एका बँकेत हो आणि शेजारच्या बँकेत नाही, हे रोजचं होतं. नियम आखताना धोका मोजला जातो. कोट्यात कोण बसतं हे ज्या त्या बँकेच्या आतल्या तक्त्यावर ठरायचं. खासदारांनी प्रश्न विचारायचे तर ते इथे विचारावेत.

आणि अडकलेले कर्जदार! २००८ पूर्वी घेतलेली कर्जं, मूळ सावकार बुडालेला किंवा कर्जं विकून मोकळा झालेला. बिचारे चढ्या दराने वर्षानुवर्षं हप्ते भरत होते आणि स्वस्त कर्जाकडे जाऊ म्हटलं तर २०१४ च्या नव्या निकषांत बसत नव्हते. जास्त हप्ता भरतोस, पण कमी हप्ता तुला परवडणार नाही, असा न्याय! खासदारांनी हा विषय लावून धरला, नियामकाने २०१९ मध्ये अशांसाठी तपासणी सैल केली. सगळे सुटले नाहीत, पण मार्ग निघाला. यासाठी कमिटीला नकाराधिकार लागला नव्हता. सतत टोचणी लागली होती.

खातेवही

टोचणी चांगलीच. पण टोचणारे आणखीही आहेत. नोव्हेंबर २०२४ मध्ये अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी नियामकांना नवी अधिकृत पत्रं पाठवली: आर्थिक वाढीला महत्त्व द्या. मार्च २०२५ मध्ये नियामकाने बँकांना आठवण करून दिली की दराच्या तपासणीत लवचीकता आहे, ती वापरा. जुलै २०२५ मध्ये १५ टक्क्यांचा नियमच बदलला: एकूण बाजार १५ टक्क्यांत राहिला म्हणजे झालं, एखादी बँक पुढे गेली तरी चालेल.

पत्रामुळेच झालं असं मी म्हणत नाही. पण राजकारण्यांपासून सोवळं असलेला नियामक हे चित्र आता पुसा. तिरपागडांना खासदारांची भीती वाटते. अर्थमंत्र्यांच्या पत्राची का वाटत नाही?

तिरपागडा

वाटते की. म्हणून तर म्हणतो, पत्रावर छाननी करा! ते जाण्याआधी अर्थमंत्र्यांनी कमिटीसमोर बसावं आणि वाढ म्हणजे नक्की कुणाच्या डोक्यावर किती कर्ज, ते सांगावं. कमिटी नियामकाच्या नियमावर मत द्यायला लागली की पुढच्या अपयशाची जबाबदारीही तिच्या गळ्यात. मग नियामकाला जाब कोण विचारणार? जो संमती देतो त्याची उलटतपासणी घ्यायची पंचाईत होते.

कडूकारलं

हे शेवटचं वाक्य पटलं. ओबीआरच्या प्रमुखाची संमती वेगळी. ती माणसाला असते, त्याच्या प्रत्येक आकड्याला नसते.

पण तुमच्या दोघांच्याही संसदप्रेमावर थोडं पाणी. प्राप्तिकराची करमुक्त मर्यादा २०२१ पासून १२,५७० पौंडांवर गोठवलेली आहे. महागाईने पगार वाढतो, मर्यादा जागची हलत नाही, आणि दर न वाढवता कर वाढतो. यात बंद खोली कुठेच नव्हती. सगळं वित्त विधेयकातून, कलमवार, कॉमन्सच्या मताने. गृहकर्जाच्या तपासणीत बँक हातात पडणारा पगार बघते, म्हणजे हीच गोठवणूक कर्जाच्या आकड्यालाही आतून कुरतडते. एकाच माणसाच्या खिशाचे हे दोन निर्णय एकत्र मांडलेला कागद कमिटीसमोर येतो का?

शंकेखोर

@कडूकारलं, +१. संमतीच्या भांडणापेक्षा हा कागद महत्त्वाचा. करबदल, व्याजदर आणि कर्जनियम, तिन्ही मिळून सामान्य उत्पन्नाच्या घराचा हप्ता कुठे जातो याचा हिशेब अर्थसंकल्पाच्या आधी हवा, नंतर नको. २०२२ मध्ये अंदाज दडपता आला कारण तो दाखवायची सक्ती अशा अर्थसंकल्पाबाहेरच्या घोषणेला लागू नव्हती. २०२४ च्या कायद्याने कर आणि खर्चाच्या मोठ्या बदलांपुरती ती पळवाट बुजवली. कर्जनियमांना तसं काही नाही.

खातेवही

नकाराधिकाराची मागणी मी सोडलेली नाही, मर्यादित करतो: मर्यादा सैल करायची असेल तेव्हाच कमिटीची संमती. कडक करायला नियामकाला मोकळीक. घाई नेहमी सैल करायचीच असते.

नदीपलीकडे

मग अडकलेल्या कर्जदारांना सोडवणारा २०१९ चा बदलही कमिटीच्या फाइलीत सहा महिने पडून राहिला असता. तोही सैल करणाराच नियम होता, साहेब.