मदत हवी आहे: संगणकावरच्या चाचणीत कॉपी होते आहे, कशी थांबवू?

संगणक_कक्ष
शाळेत संगणकावर प्रमाणित चाचणी सुरू आहे आणि मुलं कॉपी करत आहेत, याची मला खात्री आहे. स्क्रीन लॉक असते, मोबाइल आणि स्मार्टवॉच दारातच जमा करून घेतो, दोन पर्यवेक्षक सतत फिरत असतात. तरीही वर्गात साधं समीकरण सोडवताना अडखळणाऱ्या मुलांचे सगळ्यात अवघड प्रश्न बरोबर आले आहेत. पुढची फेरी सोमवारी आहे आणि मुख्याध्यापक उद्याच संशयितांची नावं मागत आहेत. काय करू ते लवकर सांगा. "असल्या चाचण्याच बंद करा" हा सल्ला कृपया नको, ते माझ्या हातात नाही.

कुलूपकिल्ली
स्क्रीन लॉक म्हणजे नक्की काय? सेफ एक्झाम ब्राउझर (परीक्षेत दुसरं काहीच उघडू न देणारं ॲप) का? आम्ही तेच वापरतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात तयार झालेलं, मुक्त स्रोत, उत्तम आहे. पण लोक ते बसवतात आणि निर्धास्त होतात. सर्व्हरच्या बाजूने ब्राउझर एक्झाम कीची (चाचणी याच ब्राउझरमधून उघडली आहे ना, हे ओळखणाऱ्या सांकेतिक किल्लीची) तपासणी चालू केली नसेल तर तीच चाचणी साध्या ब्राउझरमध्येही उघडते, आणि मग शेजारच्या टॅबमध्ये काय चाललंय ते तुम्हाला कळणारही नाही. आधी हे बघा. संगणक शाळेचे आहेत की मुलं आपापले लॅपटॉप आणतात? आपापले असतील तर व्हर्च्युअल मशीनचाही (संगणकाच्या आत चालणारा दुसरा आभासी संगणक) विचार करावा लागेल.

तिसरा_बाक
एवढ्या लांब जाऊ नका, बसण्याची व्यवस्था बघा. कागद बाकावर आडवा असतो, स्क्रीन उभी असते. मागच्या रांगेतल्याला पुढच्याची अख्खी स्क्रीन दिसते. आम्ही प्रायव्हसी फिल्टर (बाजूने बघितलं तर स्क्रीन काळी दिसते अशी पट्टी) लावले आणि प्रश्न मिटला.

जुना_पर्यवेक्षक
फिल्टर लावलेत की बाजूने चालणाऱ्या पर्यवेक्षकालाही स्क्रीन दिसत नाही, हे लक्षात घ्या. आम्ही लावून काढून टाकले. सगळ्यांची तोंडं भिंतीकडे आणि पर्यवेक्षक खोलीच्या मधोमध, यापेक्षा चांगला उपाय मी पाहिलेला नाही. आणि एकदा दोन-तीन जणांवर कडक कारवाई करा, बाकीचे आपोआप सरळ येतात.

संगणक_कक्ष
संगणक शाळेचेच आहेत. चाचणी बाहेरच्या संस्थेची आहे, त्यांचं स्वतःचं ॲप आहे, साध्या ब्राउझरमध्ये उघडत नाही. करून पाहिलं. दोन संगणकांमध्ये आडोसे आहेत आणि तोंडं भिंतीकडेच आहेत. हे सगळं झालेलं आहे म्हणून तर इथे विचारते आहे!

प्रश्नपेढी
मग ॲडॅप्टिव्ह चाचणी घ्या. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. प्रत्येकाचा पेपर वेगळा, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उपयोगच नाही. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची एसएटीसुद्धा आता संगणकावर ॲडॅप्टिव्ह झाली आहे, अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि अमेरिकेत २०२४ पासून.

आकडेमोड
ॲडॅप्टिव्ह केलं की कॉपी संपते, हे खरं नाही. १९९४ मध्ये कॅप्लन या शिकवणी कंपनीने आपले कर्मचारी संगणकावरच्या जीआरईला (पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा) बसवले. त्यांनी प्रश्न लक्षात ठेवून बाहेर आणले आणि तेच प्रश्न किती वेळा फिरून येतात ते दिसून आलं. ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने त्या परीक्षा काही काळ थांबवल्या आणि कॅप्लनवर खटला भरला. पुढे २००२ मध्ये इंटरनेटवर प्रश्न गोळा होऊ लागल्यामुळे चीन, तैवान आणि दक्षिण कोरियात जीआरई पुन्हा कागदावर न्यावी लागली. प्रश्नांचा साठा, म्हणजे पेढी, लहान असेल तर प्रश्न कितीही उलटसुलट करा, ते बाहेर जातातच.

संगणक_कक्ष, तुमच्याकडे सगळ्यांना तेच प्रश्न येतात का? आणि सगळे एकाच वेळी बसतात का?

प्रश्नपेढी
तुम्ही तीस वर्षांपूर्वीचं सांगताय. आता एखादा प्रश्न किती जणांना दाखवायचा यावर मर्यादा घालता येते.

आकडेमोड
मर्यादा तेव्हाही घालता येत होती. पेढीत प्रश्नच कमी असतील तर ती मर्यादा पाळणार कुठून? आणि सुरुवातीला सगळे मधल्या पातळीवरच असतात, त्यामुळे पहिले काही प्रश्न बहुतेकांना त्याच छोट्या गटातून येतात. पण हा वाद इथे नको. त्यांची चाचणी ॲडॅप्टिव्ह आहे का, तेच अजून आपल्याला माहीत नाही.

संगणक_कक्ष
ॲडॅप्टिव्ह नाही. प्रश्न सगळ्यांना तेच, फक्त क्रम बदलतो. आणि सगळे एकाच वेळी कसे बसतील? तेवढे संगणक कुठे आहेत? एक तुकडी सकाळी, दुसरी दुपारी. चाचणी पद्धतच तशी ठरलेली आहे.

आकडेमोड
हे पहिल्याच पोस्टमध्ये यायला हवं होतं. ज्यांच्यावर संशय आहे ती मुलं सकाळची की दुपारची?

निळी_शाई
मध्येच लिहिते, पण राहवत नाही. माझ्या मुलीवर असाच आळ आला होता. पेपर लवकर संपवला एवढाच गुन्हा. नंतर काहीच सिद्ध झालं नाही, पण महिनाभर ती वर्गात कोणाशी बोलत नव्हती. उद्याच्या उद्या नावं देऊ नका, कळकळीची विनंती आहे.

तळटीप
कॅमेरा लावून परीक्षा घेणार असाल तर कायदाही बघा. अमेरिकेत ओहायोमधल्या संघीय न्यायालयाने २०२२ मध्ये निकाल दिला की, सरकारी विद्यापीठाने परीक्षेआधी विद्यार्थ्याची घरातली खोली कॅमेऱ्यातून तपासणं घटनेत बसत नाही.

तिसरा_बाक
इथे घरून परीक्षा कोण देतंय? मुलं शाळेत बसली आहेत.

संगणक_कक्ष
आत्ता यादी काढून पाहिली. एक सोडून सगळी दुपारची.

आकडेमोड
मग चोरी खोलीत होत नाही आहे. सकाळची मुलं बाहेर पडतात आणि दुपारची आत जातात, त्या मधल्या वेळात ती होते. कुलूप कितीही चांगलं असलं तरी डोक्यात ठेवलेलं ते अडवू शकत नाही. कच्च्या कामाच्या कागदांचं काय करता? ते मोजून परत घेतले जातात का?

दुसरं, बहुतेक संस्थांकडे प्रत्येक प्रश्नावर किती सेकंद गेले याची नोंद असते. ती मागवा. पटकन दिलेलं उत्तर संशयास्पद नसतं, मुलं कंटाळून भराभर टिचक्या मारतातच. पण लांबलचक प्रश्न वाचूनही होणार नाही इतक्या वेळात उत्तर दिलेलं, ते बरोबर, आणि असं अवघड प्रश्नांवर पुन्हापुन्हा झालेलं असेल तर विचार करावा लागतो. चार पर्यायांचे पाच प्रश्न निव्वळ अंदाजाने बरोबर यायची शक्यता १०२४ मध्ये १ असते.

तिसरं, दोघांची बरोबर उत्तरं जुळली तर त्यातून काही सिद्ध होत नाही, दोघांनी अभ्यास केला असेल. चुकीची उत्तरं जुळतात का ते बघा. सकाळी कोणीतरी चुकीचं उत्तर सांगितलं असेल तर दुपारी तीच चूक अनेकांच्या पेपरात दिसेल.

जुना_पर्यवेक्षक
एवढं गणित मांडेपर्यंत सोमवार उजाडेल. मी इतकी वर्षं परीक्षा घेतल्या आहेत. चेहरे बघून कळतं.

आकडेमोड
अशाच वरवरच्या अंदाजाने निळी_शाई यांच्या मुलीवर आळ आला. घाबरट मूल आणि कॉपी करणारं मूल लांबून सारखंच दिसतं. आणि आकड्यांनाही मी पुरावा म्हणत नाही. तेवढ्यावर गुण रद्द करू नका, फक्त कोणाशी बोलायचं ते ठरवा. खात्री करायची असेल तर त्याच पातळीचे वेगळे प्रश्न देऊन शांतपणे पुन्हा सोडवून घ्या.

कुलूपकिल्ली
दोन तुकड्यांमध्ये वेळच ठेवू नका. दुपारची तुकडी आधी एका वर्गात बसवा, सकाळची दुसऱ्या दाराने बाहेर काढा, गाठच पडू देऊ नका.

संगणक_कक्ष
कच्चे कागद मुलं घरी नेतात, ते परत घ्या असं संस्थेच्या सूचनांमध्ये कुठेच नाही. सोमवारपासून प्रत्येक कागदावर क्रमांक टाकून देणार आणि दारात परत घेणार. दोन तुकड्यांची गाठ पडू न देण्याचंही जमवते, दोन शिक्षक जास्त लागतील. संस्थेला फोन केला. सेकंदांची नोंद त्यांच्याकडे आहे आणि याच चाचणीचा दुसरा संचही आहे, पण तो लेखी मागणी केल्याशिवाय देत नाहीत. मागणी पाठवली.

मुख्याध्यापकांना सांगितलं की नोंदी येईपर्यंत नावं देणार नाही. ते नाराज आहेत.

एक विचारायचं राहिलं. यादीतला तो एक मुलगा सकाळच्या तुकडीतला आहे. त्याचे गुण अचानक कसे वाढले?

आकडेमोड
त्याची सेकंदांची नोंद स्वतंत्र बघा. अवघड प्रश्नांवर त्याने भरपूर वेळ घेतलेला असेल, तर त्याने ते सोडवले आहेत. त्याचं नाव यादीतून आजच काढा.

निळी_शाई
आणि त्याच्याविषयी कोणाकडे बोलला असाल, तर त्यांनाही आजच सांगा.