टेबलावरचा खेळाडू मध्येच निघून जातो तेव्हा : आपले अनुभव लिहावेत

टिळकवाडी, बेळगाव

गेली सहा वर्षे आम्ही पाच जण रविवारी दुपारी ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा टेबलाभोवती बसून, प्रत्येकाने एकेक काल्पनिक पात्र होऊन मिळून कथा पुढे नेण्याचा खेळ खेळतो आणि डीएमची, म्हणजे सूत्रधाराची जबाबदारी माझ्याकडे आहे. 1974 साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी हा खेळ प्रसिद्ध केला, तेव्हापासून लढाईचे नियम कितीदा तरी तपासून नव्याने लिहिले गेले. पण चालू कथेतून एखादा खेळाडू उठून गेला तर काय करावे, हे ज्याने त्याने आपापल्या टेबलावरच शिकावे लागते. आपल्या भागात तर शिक्षण संपले की मुले पुणे, बंगळूर नाहीतर गोव्याची वाट धरतात, त्यामुळे हा प्रसंग कोणालाच चुकलेला नाही. गेलेल्याच्या पात्राचे आपण काय केलेत आणि ते त्याला विचारून केलेत का, एवढेच मला जाणून घ्यायचे आहे.

माझ्याकडून चूक झाली, ती आधी सांगतो. आमच्यातला क्लेरिक, म्हणजे जखमा बऱ्या करणारा पुजारी, खेळणारा मित्र नोकरीनिमित्त पुण्याला गेला आणि मी त्याचे पात्र ‘आजारी पडून धर्मशाळेत झोपले आहे’ असे सांगून वेळ मारून नेली. असे चार रविवार गेले. तो परत येणार की नाही हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे बाकीच्यांना धड पुढे जाता येईना, धड त्याचा निरोपही घेता येईना. शेवटी मी फोन केला, तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयारच होते : ज्या डोंगरातल्या गावाला आम्ही वाचवले होते, तिथे त्याच्या क्लेरिकला दवाखाना काढायचा होता. गणपतीला तो घरी आला तेव्हा एक दुपार आम्ही केवळ त्या निरोपासाठी खेळलो. त्याने मागे ठेवलेल्या कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राची माहिती लिहायच्या कागदावर, हिट पॉइंट्सच्या (पात्राचा जीव किती उरला त्या आकड्याच्या) चौकटीतला कागद खोडून खोडून इतका विरळ झाला आहे, की उजेडापुढे धरला तर पलीकडचे बोट दिसते. कुंद्याच्या ज्या रिकाम्या डब्यात आम्ही फासे ठेवतो, त्याच्या तळाशी ते शीट अजून आहे.

जखमा बऱ्या करणाराच गेल्यामुळे मी प्रत्येकाला हीलिंग पोशनच्या दोन बाटल्या दिल्या (चार बाजूंचे दोन फासे अधिक दोन, एवढे पॉइंट्स परत मिळतात) आणि पुढच्या लढायांतून एकेक शत्रू कमी केला. तेवढ्याने भागले.

निपाणी

आमच्याकडे भांडण झाले ते सामानावरून. सगळ्या चमूची लूट ‘बॅग ऑफ होल्डिंग’ या जादूच्या थैलीत होती, थैली जाणाऱ्या खेळाडूच्या पात्राकडे होती आणि त्याचे पात्र तर सर्वांचा निरोप घेऊन उत्तरेला निघून गेले होते. पुढच्या आठवड्यात सोने कोणाकडे, हा प्रश्न निघाला तेव्हा दोघांनी आवाज चढवला. तेव्हापासून कोणी जाणार असे कळले की आम्ही शेवटच्या सेशनच्या आधी वाटणी लिहून काढतो, आणि एक वस्तू मात्र त्याच्या पात्राजवळ मुद्दाम राहू देतो.

खानापूर

मी सोडून जाणाऱ्यांपैकी आहे. लग्नानंतर पणजीला आले आणि खेळ सुटला. दोन महिन्यांनी सहज चौकशी केली, तेव्हा समजले की माझ्या रेंजरला, म्हणजे रानात वावरणाऱ्या माझ्या पात्राला, सापळ्यात पाडून मारले होते, कारण ‘तसे सोपे पडत होते’. तीन वर्षे मी त्या मुलीचा आवाज काढला होता, तिच्या भावाचा शोध घेत होते. जांबोटीच्या रानात लहानपणी ऐकलेले पक्ष्यांचे आवाज मी तिला दिले होते. माझ्या जुन्या सोबत्यांवर राग नाही, पण एका फोनने जे झाले असते ते झाले नाही, याचे वाईट वाटते. टिळकवाडीच्या दादांनी उशिरा का होईना विचारले, हे वाचून बरे वाटले.

संकेश्वर

आम्हाला एका खेळाडूला ‘येऊ नकोस’ असे सांगावे लागले, कारण तो नवख्या मुलींना सतत टोकत असे. सर्वांदेखत न बोलता मी त्याला एकट्याला चहाला बोलावले आणि कारण स्पष्ट सांगितले. त्याच्या पात्राविषयी त्याने काहीच सुचवले नाही, म्हणून आम्ही त्याचा उल्लेख थांबवला.

अनगोळ, बेळगाव

वरील सर्व अनुभवांत जाणाऱ्याने आधी सांगितले तरी होते, किंवा कारण दिसत तरी होते. आमचा कन्नड भाषिक मित्र मात्र हळूहळू येईनासा झाला. आधी एक रविवार चुकला, मग दोन, मग निरोपांना उत्तर येईना. अभ्यास असेल, अशी आम्ही समजूत करून घेतली. पुढे बसस्टँडवर अचानक भेट झाली, तेव्हा तो संकोचत म्हणाला, की नियम इंग्रजीत असतात तोवर ठीक होते, पण लढाई रंगली की आपण सगळे मराठीत इतके वेगाने बोलता, की माझी पाळी येईपर्यंत काय घडले हेच मला कळत नसे. बाजारात, बसमध्ये, शेजारी आम्ही दोन्ही भाषा रोज बोलतो. आणि ज्या टेबलावर मी स्वतः सूत्रधार होतो, तिथेच हे माझ्या लक्षात आले नाही. मी त्याची क्षमा मागितली. परत येण्याचा आग्रह धरला नाही, कारण तोवर त्याची परीक्षा खरोखरच जवळ आली होती.

त्याच्या पात्राचे काय करावे हे मात्र तिथेच विचारले. तो म्हणाला, नदीपलीकडच्या घाटावर नावाडी होऊन राहू दे. येत्या रविवारी आमचा चमू त्या नदीवर पोचतो आहे. नावाडी काय बोलेल ते त्याने मला कन्नडमध्ये लिहून पाठवले आहे, चार ओळी आहेत. त्या मी तशाच कन्नडमध्ये वाचणार आहे. उच्चार चुकू नयेत म्हणून शेजारच्या अक्कांकडून कालच दोनदा म्हणवून घेतल्या.